गुरुवारची अर्धी सुट्टी

२७ जानेवारी, सोमवार

व्हेनिसच्या सहलीची प्रमुख मी. लिहूनही खरं वाटत नाही. मादालिनाबाई शाळेच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि सहल माझ्या गळ्यात पडली. यास्सी शहरातून बदली होऊन रुमानियाच्या या टोकाला, सावेनीला येऊन मला पाचच महिने झालेत. जूनमध्ये नेमणूक पक्की व्हायची आहे. नाही म्हणायची सोय नव्हती.

आज पालकसभा होती. कामाचा वार, त्यामुळे आईवडील मोजकेच. आज्याच जास्त, डोक्याला रुमाल बांधून पहिल्या तीन रांगांत बसलेल्या. मुख्याध्यापक उभे राहिले आणि टेबलावर बोट आपटून म्हणाले, "इटलीत आत्या येवो, मावशी येवो, खुद्द जन्म दिलेली आई येवो, पोर कोणाच्याही हवाली करायचं नाही. दोन मिनिटांसाठीही नाही. मागच्या वर्षी पलीकडच्या गावच्या शाळेतला मुलगा आईजवळ तिकडेच राहिला. त्याच्या बाई आज घरी बसल्यात." बोलताना बघत होते माझ्याकडे.

आज्या माना खाली घालून ऐकत होत्या. बरं वाटलं, म्हटलं निदान नीट ऐकतायत तरी.

सभेनंतर दहावीतली रुक्सांद्रा दारात थांबली होती. हुशार, अबोल मुलगी, आजीजवळ राहते. "बाई, मोकळा वेळ गुरुवारीच आहे ना? दुपारी? बुधवारी नाही ना करणार?"

"गुरुवारीच आहे. का गं?"

"काही नाही. असंच."

३१ जानेवारी, शुक्रवार

तेवीस मुलं, तेवीस संमतिपत्रं, नोटरीचे नाहीतर वकिलातीचे शिक्के मारलेली. निळ्या फायलीत क्रमाने लावली. तीनदा तपासली. सह्या सगळ्या आहेत. तरी रात्रभर स्वप्नात एक पान गहाळच.

३ फेब्रुवारी, सोमवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल. पहाटे पाचला निघालो. उणे अकरा अंश थंडी. बरोबर वासिलियु सर, इतिहासाचे, वय एकसष्ट. मुलं पाठीमागे त्यांना 'म्हातारा' म्हणतात, त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंसुद्धा. बस सुरू झाल्यापासून झोपलेत. ड्रायव्हर कोस्ताकेकाका, सारखे काहीतरी चघळत असतात.

कोझ्मिनने सुरुवातीपासून उच्छाद मांडलाय. माईक हिसकावून इटालियन बातमीदाराची नक्कल केली, इतकी हुबेहूब की सगळी बस लोळली. टीव्ही बघून बघून ही मुलं काय काय शिकतात.

रुक्सांद्रा खिडकीशी बसलीय. मांडीवर कापडी पिशवी. वर ठेवू का विचारलं तर दोन्ही हातांनी घट्ट धरली. पिशवीला धुराचा वास येतो. सिगारेट? ही मुलगी? पण सगळ्यांसमोर झडती घेणं बरं दिसलं नसतं.

हद्द ओलांडताना शिपायाने फाईल चाळली. एक पान दोनदा पाहिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी पोचलो. हॉटेल व्हेनिसच्या अलीकडे, जमिनीवरच्या मेस्त्रेत, स्वस्त आणि ओलसर. धुकं असं की समोरचं पेट्रोलपंपाचं दिवा लावलेलं छप्पर तेवढं दिसतं. खोल्या वाटल्या, नियम सांगितले, परत सांगितले. जेवणात पास्ता. कोझ्मिनने वाढणाऱ्या बाईला इटालियनमध्ये असं काही सांगितलं की तिने त्याच्या गालाला हात लावला. काय म्हणालास विचारलं तर म्हणे, "काही नाही बाई, मीठ मागितलं."

५ फेब्रुवारी, बुधवार

व्हेनिस. मी भूगोल शिकवते, वर्गात किती वर्षं या खाजणाचा नकाशा काढलाय. खरं शहर मी फारसं पाहिलंच नाही. मी दिवसभर डोकी पाहिली. गल्लीत वळलं की मोज, पूल उतरला की मोज. सान मार्कोच्या चौकात गुडघाभर धुकं होतं आणि घंटा कुठून वाजतेय तेही कळेना. बोटीवर बावीसच भरली तेव्हा मी परत पहिल्यापासून मोजलं. मग वासिलियु सर म्हणाले, "बाई, कोझ्मिन तुमच्या मागेच आहे. तुम्ही वळला की तोही वळतो."

सगळे हसले. मीही हसले.

आता महत्त्वाचं. रियाल्तो पुलापाशी मुलं सँडविच खात होती. रुक्सांद्रा खांबाआड फोनवर बोलत होती. मी चोरून ऐकलं नाही, कानावर आलं. "हो, उद्या तीनला. स्टेशनच्या पायऱ्यांवर. म्हातारा झोपला की लगेच निघ. नाही, बाईंना काही माहीत नाही. नाही सांगणार म्हटलं ना!"

मला बघून फोन खिशात घातला. ओठाला लाली लावलेली होती, आयुष्यात पहिल्यांदा. नवा कोट. केस धुतलेले.

म्हातारा झोपला की! म्हणजे वासिलियु सर. ते दुपारी बाकावर पेंगतात हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. म्हणजे ते झोपले की कोणीतरी आमच्यातून निघणार, स्टेशनवर भेटणार. कोणाला? इंटरनेटवर ओळख झालेला कोणी? अशा बातम्या रोज वाचतो आपण. सोळा वर्षांची मुलगी, परका देश, धुकं. आणि तिथून गाड्या कुठेही जातात.

सरांना सांगावं का? ते म्हणतील, तिलाच विचारा. विचारलं तर सावध होईल. उद्या तिला डोळ्याआड होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

अडीचला मोकळा वेळ सुरू झाला. चौघाचौघांचे गट, पाचला बसतळावर, पियाझाले रोमाला जमायचं. मी म्हटलं, "रुक्सांद्रा, तू माझ्याबरोबर."

"का बाई?"

"मी सांगते म्हणून."

"बाई, मला तासभर स्टेशनपाशी जायचंय. तुम्ही लांबून बघा हवं तर."

"कोणाला भेटायचंय?"

तिने पिशवी छातीशी धरली.

"सांग. सांगितलंस तर विचार करीन."

"सांगितलं तर तुम्हाला विचार करावा लागेल," ती म्हणाली, "म्हणून तर सांगत नाही."

मला वाटलं उलट उत्तर देतेय. मी हात पुढे केला. "फोन." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दिला. मी तो बंद करून माझ्या पर्समध्ये टाकला.

त्यानंतरचे अडीच तास आम्ही दोघी एकत्र होतो. मी तिला एक मोठं चर्च दाखवलं. उबेला एका कॅफेत बसलो, मी दोघींसाठी गरम चॉकलेट मागवलं. तिने कपाला हात लावला नाही. पिशवी मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी खाजणाबद्दल बोलत राहिले, गाळ कसा साचतो, भरती कशी येते. मनात म्हणत होते, आज राग येईल, पण मोठी झाली की समजेल, बाईंनी मला वाचवलं. खरंच असं म्हणत होते. खोडत नाही, राहू दे.

साडेचारला तिने एकदाच विचारलं, "बाई, इथून स्टेशन किती लांब?"

"पळत गेलं तर वीस मिनिटं," मी म्हटलं. "का?"

ती परत घड्याळाकडे बघायला लागली.

पाचला सगळे आले. तेवीस. मला इतकं हलकं वाटलं की मी कोझ्मिनच्या विनोदालाही हसले. बसमध्ये बसलो, मेस्त्रेकडचा पूल ओलांडायला लागलो तेव्हा ती माझ्या सीटपाशी आली. रडत नव्हती. आवाज अगदी सपाट.

"आता द्या फोन, बाई. तिची गाडी सुटली."

"कोणाची?"

"आईची."

मी फोन चालू केला. हातातच थडथडत राहिला. सतरा कॉल. तिने तिथेच उभ्याने एक निरोप लावला, कानाशी धरला, पण मला ऐकू येत होतं. बाईमाणसाचा आवाज, आमच्या बोतोशानी जिल्ह्यातले हेल. "रुक्सी, मी पायऱ्यांवरच आहे गं. हिरवा कोट घातलाय, धुक्यात दिसत नसेन म्हणून दिव्याखाली उभी राहिलेय." पुढचा निरोप: "वाट चुकलीस का राणी? हलू नकोस, कुठे आहेस सांग, मी येते." मग एक नुसता श्वासाचा. मग शेवटचा: "पाच-दहाची गाडी धरावीच लागतेय. साडेसहाला म्हाताऱ्याचं इंजेक्शन आहे. बाईंवर रागावू नकोस हं."

ती पोर्तोग्रुआरोला असते. एका एक्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याला सांभाळते, त्याच्याच घरात राहते. सुट्टी रविवारी आणि गुरुवारी अर्धा दिवस. दोघींची भेट होऊन तीन वर्षं झाली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारला, मी!

"आई म्हणाली, नको सांगू. सांगितलं की बाईंना ठरवावं लागेल. सोडलं तर त्यांची नोकरी जाईल, त्या मागच्या वर्षीच्या बाईंची गेली तशी. नुसती निसटून ये, त्यांच्या डोक्याला ताप नको."

पिशवीत काय आहे तेही आत्ता कळलं. आजीने नाताळात घरी धुरावलेलं डुकराचं मांस.

खोलीत येऊन फाईल उघडली. रुक्सांद्राचं संमतिपत्र. आई व्हियोरिकाची सही, खाली रुमानियाच्या वकिलातीचा शिक्का: त्रिएस्ते, इटली. मी हे पान तीनदा तपासलं होतं. सही आहे का, एवढंच बघितलं होतं.

जेवणाच्या टेबलावर सरांना सगळं सांगितलं. 'म्हातारा' म्हणजे मी तुम्हाला समजले, हेही सांगितलं. ते हसले नाहीत, मग थोडे हसले.

"पोर्तोग्रुआरो?" ते म्हणाले. "ते आपल्या परतीच्या रस्त्यावरच आहे की."

कोस्ताकेकाकांनी तोंडातला घास गिळला. "महामार्गावरून खाली दहा मिनिटं. मला कायद्याने कुठेतरी पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच असतं. तिथे थांबतो."

"आणि ती परत बसमध्ये चढली नाही तर?" मी विचारलं. कोस्ताकेकाका परत चघळायला लागले. "सर, तुम्ही सांगा ना. चढली नाही तर काय करायचं? ओढत आणायचं?"

"मी काय सांगणार," सर म्हणाले. "मी म्हातारा. मी उद्या झोपलेला असेन. विचारलं कोणी तर सांगीन, काही पाहिलं नाही."

म्हणजे मीच ठरवायचं. त्या बाईला हेच टाळायचं होतं माझ्यासाठी, आणि मी तिला दोन तास पायऱ्यांवर उभं केलं.

जून. नेमणूक. खोलीचं भाडं, यास्सीला आईबाबांना काय सांगू. हे सगळं मनात आलं, आलं नाही असं लिहिणार नाही. आणि ती खरंच तिकडे राहिली तर? तेव्हा माझी नोकरी हा प्रश्न किरकोळ ठरेल. एक पोर माझ्या भरवशावर दिलं आणि मी बावीस घेऊन परत गेले, हे त्या आजीच्या दारात जाऊन कसं सांगू?

उद्या बघू, असंही लिहिता येत नाही. उद्या आठ वाजता निघायचं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नाश्त्याला तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. दोनदा विचारलं, "बस थांबणार? खरंच?" मग आईला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आम्ही येतोय. सगळे."

बसमध्ये मी मुलांना खरं ते सांगितलं. वाटलं होतं, गलका होईल, टोमणे मारतील. तसं काही झालं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी रुक्सांद्राला कंगवा दिला.

नऊला पोचलो. कालव्याकाठची अरुंद गल्ली, बस आत जाईना, कोपऱ्यावर थांबली. धुकं होतंच. सरांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

तिची आई दारात आली, पण एकटी नाही. म्हाताऱ्याला घरात एकटं सोडता येत नाही म्हणून चाकाच्या खुर्चीत, घोंगडीत गुंडाळून त्यालाही घेऊन आली होती. ठेंगणी बाई, हिरवा कोट, हात लाल. गल्ली कालव्याकडे उतरती आणि खुर्चीचा ब्रेक नीट लागत नव्हता. रुक्सांद्रा धावत गेली ती तिच्या गळ्यातच पडली. आणि त्या बाईने एका हाताने तिला धरलं. दुसरा हात खुर्चीवर. सोडताच येईना. एका हाताने पोरीचं डोकं, पाठ, परत डोकं, आणि दुसरा हात ताणलेला मागे.

मी कोपऱ्यावर उभी राहायचं ठरवलं होतं, लक्ष ठेवायला. पण मी चालत गेले, "द्या," म्हटलं आणि खुर्चीच्या मुठी माझ्या हातात घेतल्या.

मग ती दोन्ही हातांनी रडली. असं कोणी म्हणत नाही, पण मी तेच पाहिलं.

म्हातारा मान वळवून मला काहीतरी विचारायला लागला. मला इटालियन येत नाही. मागून कोझ्मिनचा आवाज आला. तो केव्हा बसमधून उतरला मला कळलंच नाही. आज मी मोजलं नव्हतं.

"बाई, ते विचारतायत, ही मुलगी कोण?"

"सांग, व्हियोरिकाची मुलगी आहे."

कोझ्मिनने सांगितलं. म्हातारा बराच वेळ त्या दोघींकडे बघत राहिला. मग काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तिला मुलगी आहे? मला कधी बोलली नाही."

तो विसरला असेल की तिने खरंच सांगितलं नसेल, कोण जाणे. मी विचारलं नाही.

पंचवीस मिनिटं झाली. तीस. पिशवी हातातून हातात गेली, आईने घरातून एक मोठा खोका आणला, त्यात बूट होते, एक नंबर लहान. दोघी त्यावर हसल्या. चाळीस मिनिटं झाली तेव्हा कोस्ताकेकाकांनी हॉर्न न देता नुसते दिवे लावले.

रुक्सांद्रा माझ्याकडे वळली. "बाई, मी नाही येत."

उद्धटपणा नव्हता त्यात. तिने मला फक्त कळवलं. मी तिला ओढू शकत नव्हते, माझ्या हातात खुर्ची होती, सोडली तर म्हातारा कालव्यात. नुसती बघत राहिले. तिच्या आईकडे बघितलं. बाई गं, मनात म्हटलं, तूच सांग.

तिने काही समजावलं नाही. शाळा, परीक्षा, आजी, काही नाही. पोरीचा गळपट्टा नीट बांधला, गाठ आत खोचली. मग दोन पावलं येऊन माझ्या हातातून खुर्चीच्या मुठी परत घेतल्या. दोन्ही हातांनी. आणि तशीच उभी राहिली.

रुक्सांद्रा त्या हातांकडे बघत राहिली. किती वेळ, मला माहीत नाही. मग वळली आणि बसकडे चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. तिच्या आईने मला म्हटलं, "काल तुम्हाला त्रास झाला, बाई."

महामार्गावर लागल्यावर मी मुख्याध्यापकांना फोन करून स्वतःच सगळं सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळी मुलं आहेत?"

"तेवीस."

"सोमवारी सकाळी येऊन भेटा. लेखी घेऊन या." आणि ठेवला. रागात होते की नाही, आवाजावरून कळलं नाही. मी अजून तो आवाज मनात उलटसुलट करून बघतेय.

रुक्सांद्रा पुढच्या बाकावर सरांच्या शेजारी बसली. त्यांनी तिला खिडकी दिली. बसमध्ये गाणी नाहीत, माईक नाही. अर्ध्या तासाने कोझ्मिन आला आणि माझ्या बाकाच्या पाठीला टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी विनोद करणार.

"बाई," तो हळू म्हणाला, "पादोवा वाटेत लागतं का हो?"

मी भूगोल शिकवते. मला माहीत होतं. तरी नकाशा काढला, मांडीवर पसरला, बोट फिरवलं. त्याच्या मागे बाकांमधल्या वाटेत आणखी दोघं येऊन उभी राहिली. मग एक मुलगी आली, तिने बेर्गामो कुठे आहे विचारलं.

"नाही रे," मी म्हटलं. "पादोवा मागे राहिलं."

तो परत गेला नाही. कोणीच गेलं नाही. सगळी नकाशावर वाकून उभी होती, आणि मी एकेकाला विचारत गेले, कोणाचं कोण कुठे आहे.